माझा अकरा पानी निवाडा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती एकतीस वर्षं रोज सकाळी साडेदहाला चढत आलो. त्यावरून माझ्या शहाणपणाचा अंदाज कुणालाही करता येईल.

मी कोर्टात स्टेनो आहे. न्यायाधीश साहेब सांगणार, मी ते लघुलिपीच्या रेघोट्यांत उतरवून घेणार किंवा थेट टाइप करणार आणि मग स्वच्छ प्रत त्यांच्यापुढे ठेवणार. साक्षी, अर्ज, हुकूम, निकाल. भिंती, बांध, भाडेकरू, घटस्फोट, मृत्युपत्रं, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. हजारो निकाल मी टाइप केले. त्यातला एकही मी दिलेला नव्हता, एवढी एकच बारीकशी गोष्ट मी वर्षागणिक विसरत गेलो.

विसरायला लोकांनीही हातभार लावला. आमच्या गल्लीत मला कुणी नावाने ओळखत नसे. "कोर्ट आलं का घरी?" असं माझ्या बायकोला विचारत. न्हाव्याच्या दुकानात गर्दी असली तरी कुणीतरी म्हणायचं, "कोर्टाला आधी बसू दे." मी बसायचो. काही बोलण्याआधी साहेबांसारखा घसा साफ करायची मला सवय लागली होती. सुरुवातीला बायको काळजीने विचारायची, घशाला काय झालंय म्हणून. पुढे तिने विचारणं सोडलं, काळजी तर त्याच्याही आधी सोडली असावी.

साहेबांचं बोलणं संथ. एकेक शब्द जणू तराजूत घालून बाहेर काढायचे. त्यांचं वाक्य कुठे जाणार हे मला आधीच कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. एकदा एका भाडेकरूच्या अपिलात साहेब "सबब हे अपील" एवढं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत थांबले. तोवर मी "फेटाळण्यात येत आहे" टाइप करून पुढच्या ओळीवर जाऊन बसलो होतो. साहेब वळले आणि म्हणाले, "मंजूर करण्यात येत आहे." मी घाईघाईने मागे येऊन पुसायला लागलो. त्यांनी ते पाहिलं.

"तुमचा निकाल काय होता?" त्यांनी विचारलं.

"फेटाळला होता, साहेब."

"का?"

"सहसा फेटाळतात."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. माझ्या अनुभवाचा त्यांच्यावर प्रभाव पडला, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

असा मी, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. अशात माझ्या सासुरवाडीचं भांडण माझ्याकडे आलं.

माझी सासुरवाडी सुतारांची. सासऱ्यांची एकच लांबच लांब कार्यशाळा होती, आगगाडीच्या डब्यासारखी. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार बोळात. म्हातारपणी त्यांनी मधोमध पडदी घातली आणि पुढचा भाग थोरल्याला, मागचा धाकट्याला दिला. थोरला, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो खुर्च्या आणि कपाटं करायचा. गिऱ्हाइकं रस्त्यावरून आत येत, म्हणून त्याला पुढची बाजू. धाकटा दारं आणि चौकटी करायचा. त्याच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, तोच मापं घ्यायला लोकांच्या घरी जातो, म्हणून त्याला मागची. त्याची लांब लाकडं मात्र पुढच्या दारातून, दादाच्या भागातून, पडदीतल्या दाराने आत जायची. सासऱ्यांनी तसं तोंडी सांगितलं होतं. सुतार माणूस, लाकडावर रेघ मारेल पण कागदावर मारणार नाही.

सासरे गेल्यावर सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. सातव्या वर्षी दादाने काचेचं एक मोठं शोकेस बनवलं आणि ते नेमकं पडदीतल्या दारासमोर आणून ठेवलं. धाकट्याने दोनदा विचारलं. दादा म्हणाला, "मागे दार आहे ना तुला?" तिसऱ्यांदा धाकट्याने विचारलं नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. माझी बायको दोघांच्या मधली. ती एकाकडे गेली की दुसऱ्याला राग यायचा, आणि दोघांकडे गेली की दोघांना.

शेवटी दादाच म्हणाला, "कोर्टकचेरी कशाला? कोर्ट आपल्या घरातच आहे. भाऊजी सांगतील ते मान्य."

धाकट्याने मान हलवली. दोघांनी एका कागदावर सह्या केल्या. तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला आणि दिवसभरात चारदा काढून वाचला.

आता माझी न्यायबुद्धी पाहा. सुनावणी रविवारी ठेवली होती. बुधवारी ऑफिसातून परतताना मी म्हटलं, जागा एकदा नजरेखालून घालावी. म्हणून दादाकडे गेलो. त्याने मला नव्या पॉलिश केलेल्या हातांच्या खुर्चीत बसवलं. वहिनींनी चहा दिला, बिस्किटं दिली. दादाने दीड तास सगळं सांगितलं: शोकेससाठी किती मेहनत घेतली, धंदा कसा बदललाय, लोक आता आत येण्याआधी काचेतून बघतात. मध्येच म्हणाला, "भाऊजी, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला मी काय सांगणार." आणि पुन्हा तेच सांगत राहिला. मी बसलो होतो तिथून शोकेसच्या बाजूने पडदीतलं दार दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे, थेट शेवटी, बोळाकडचं दार. ते सताड उघडं होतं. भरपूर रुंद होतं. माझ्या मनात एक वाक्य तयार झालं: जिथे दार आहे, तिथे वाट आहे. मला ते इतकं आवडलं की उठून चार पावलं पुढे जाऊन बोळात डोकावण्याची गरजच वाटली नाही. धाकटा त्या वेळी कामावर होता. तो असता तरी मी गेलो असतो असं नाही.

रविवारी सुनावणी आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. मी माझ्या खुर्चीवर एक जादा उशी घेतली होती. कुणाला दिसू नये, पण मी जरा उंच दिसावं, एवढ्या जाडीची. दादा चाळीस मिनिटं बोलला. बुधवारचंच, थोडं आटोपशीर. मग मी घसा साफ केला आणि धाकट्याकडे वळलो.

"बोल."

धाकटा आधीच घुम्या. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. अंगठ्याच्या नखात पॉलिश गेलं होतं, ते कोरत होता. मग म्हणाला, "फळी वळत नाही."

मी लिहून घेतलं आणि थांबलो. "आणखी?"

"आणखी काही नाही."

"नीट विचार करून सांग. नंतर म्हणशील संधी दिली नाही."

"एवढंच आहे."

दाराशी माझी बायको उभी होती. ती म्हणाली, "अहो, विचारा ना त्याला, कुठली फळी म्हणून."

मी तिला सांगितलं की कामकाज चालू असताना पक्षकारांशिवाय इतरांनी बोलू नये. ती आत निघून गेली. त्या रात्रीच्या जेवणात तिने हा नियम इतका काटेकोर पाळला की मीठसुद्धा मला खुणेने मागावं लागलं.

निवाडा लिहायला मी आठ दिवस घेतले. आयुष्यभर दुसऱ्याचं टाइप केलेलं, आता प्रथमच स्वतःचं. "प्रस्तुत प्रकरणी", "सकृद्दर्शनी", "उपरोक्त विवेचनावरून" हे सगळे शब्द इतकी वर्षं हाताखाली रांगेत उभे होते, त्यांना एकदाचं बाहेर काढलं. अकरा पानं झाली. त्यातली नऊ दादाने सांगितलेली हकीकत. सातव्या पानावर, मधोमध, धाकट्याचा समाचार: "प्रतिपक्षास पुरेशी संधी देऊनही त्याने कोणतेही ठोस म्हणणे मांडले नाही." आणि शेवटी ते वाक्य, जिथे दार आहे तिथे वाट आहे, सबब पुढील भागातून जाण्याची मागणी फेटाळण्यात येत आहे. "फेटाळण्यात येत आहे" टाइप करताना या वेळी पुसावं लागणार नाही, याचं मला खास समाधान वाटलं.

मी ते दोघांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. पाऊण तास लागला. दादा मधूनमधून मान डोलवत होता. धाकटा ऐकत होता, निदान बसला होता. वाचून झाल्यावर तो उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि म्हणाला, "भाऊजी, मी कोर्टात जातो."

मला मनापासून वाईट वाटलं. "मग हे काय होतं?"

"तुमचं घर," तो म्हणाला आणि चपला घालून गेला.

दादाही थोड्या वेळाने अकरा पानं घडी घालून घेऊन गेला. मी बायकोला म्हटलं, "इतकं कायदेशीर लिहून दिलं तरी माणसाला कळू नये म्हणजे काय. मी एकतीस वर्षं यातच घालवलीत."

ती ब्लाउजचं कापड बेतत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "ही कात्री माझ्याकडे आपलं लग्न झाल्यापासून आहे. रोज कापड कापते. म्हणून तिला शिवणं येतं असं नाही."

धाकट्याने खरंच दावा लावला. दादाने उत्तरात माझी अकरा पानं जोडली: वाद आधीच पंचाने मिटवला आहे, आता कोर्टाने त्यात पडू नये. आणि एका दुपारी आमच्या कोर्टाचा बेलीफ, ज्याच्याबरोबर मी रोज चहा पितो, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सही करा," तो म्हणाला.

"कुणाचं समन्स आहे?"

"तुमचंच. साक्षीदार."

सही केल्यावरही तो गेला नाही. म्हणाला, "पहिल्यांदाच का?"

"हो."

"खरं बोला, म्हणजे झालं. लक्षात ठेवायला सोपं जातं."

दावा दुसऱ्या मजल्यावर, नव्याने बदली होऊन आलेल्या एका न्यायाधीश मॅडमपुढे होता. मी रोज ज्या पिंजऱ्याकडे पाठ करून बसतो, तसल्याच पिंजऱ्यात उभा राहिलो. तिथून कोर्ट वेगळंच दिसतं. खाली मॅडमची स्टेनो बसली होती. तिला टायपिंग शिकवलं ते मी. तिची सोय व्हावी म्हणून मी एकेक शब्द सावकाश सांगायला लागलो, "स्वल्पविराम" सुद्धा म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही साक्ष देताय. डिक्टेशन नाही."

धाकट्याच्या वकिलाने फार त्रास दिला नाही. त्याला तशी गरजच पडली नाही.

"सुनावणीआधी तुम्ही एका पक्षकाराला भेटलात?"

"जागा बघायला गेलो होतो."

"दुसरा पक्षकार हजर होता?"

"नाही."

"त्याला कळवलं होतं?"

"नाही."

"जागा पाहिलीत म्हणता. बोळ पाहिला?"

"खुर्चीतून दार दिसत होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ते हसू होतं हे मी ओळखलं, कारण इतकी वर्षं मीही तसाच खोकत आलो होतो.

मग मॅडमनी स्वतः प्रश्न विचारले. माझं सातवं पान त्यांच्यासमोर होतं. "इथे लिहिलंय, ठोस म्हणणं मांडलं नाही. तो नक्की काय म्हणाला होता?"

"म्हणाला, फळी वळत नाही."

"कुठली फळी?"

"माहीत नाही."

"कुठे वळत नाही?"

माझा घसा साफ होईना. "विचारलं नाही," मी म्हणालो.

मॅडमनी स्टेनोकडे पाहिलं. कळांचा आवाज आला. एकतीस वर्षांत आवाजावरून शब्द ओळखण्याइतकी विद्या मी मिळवली होती. दोनच शब्द होते.

आठवड्याभरात हुकूम झाला: एका पक्षाच्या मागे दुसऱ्याचं ऐकून दिलेला हा निवाडा कुणावरही बंधनकारक नाही, दावा गुणदोषांवर चालेल. ही बातमी कोर्टात माझ्या आधी पोचली होती. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन बसलो की लोक एकमेकांना चटणी देतानाही "दुसऱ्या पक्षाचं ऐकलंस का?" असं विचारत.

साहेबांना कळणारच होतं. एक दिवस काम संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. मी उभाच राहिलो.

"किती पानं होती म्हणे?"

"अकरा, साहेब."

"कुणासाठी लिहिली होती?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "दोघांसाठी."

"जिंकणारा शेवटचं पान वाचतो आणि घरी जातो," साहेब म्हणाले. "बाकीची पानं हरणाऱ्यासाठी असतात. तू म्हणालास ते मी ऐकलं, ते हे असं होतं, आणि ते मला का पटलं नाही, एवढं त्याला सांगायचं असतं. तेवढं सांगता येत नसेल तर नाणं उडवावं. वेळ तरी वाचतो."

इतकी वर्षं मी त्यांचे निकाल टाइप केले होते. त्यात हरणाऱ्याचं म्हणणं पानंच्या पानं असायचं आणि मी मनात म्हणायचो, फेटाळायचंच आहे तर म्हाताऱ्याला एवढं पाल्हाळ कशाला लागतं. हे मात्र मी साहेबांना सांगितलं नाही. बेलीफाने खरं बोलायला सांगितलं होतं, पण ते साक्षीपुरतं.

मॅडमनी जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमली. एक तरुण वकील, खांद्याला पिशवी, हातात मापाची टेप. तिने दोघांनाही आधी नोटीस पाठवली, दोघंही हजर असल्याशिवाय आत पाऊल टाकलं नाही आणि दादाने पुढे केलेल्या खुर्चीत बसली नाही. चहा नको म्हणाली. मला तिचा जरा रागच आला.

मी तिथे काय करत होतो? बायकोने पाठवलं होतं. "आता तरी तो बोळ बघून या," म्हणाली.

कमिशनरने बोळ मोजला. बोळ सरळ येतो आणि धाकट्याच्या दाराच्या चार पावलं अलीकडे काटकोनात वळतो. दोन्हीकडे उंच भिंती. तिने आकडे लिहिले, मग टेप गुंडाळून म्हणाली, "तुमच्याकडची नेहमीची फळी केवढी असते?"

"बारा फूट," धाकटा म्हणाला.

"एक आणा. नेऊन बघू."

धाकट्याने पुढचं टोक धरलं. त्याचा कारागीर त्या दिवशी आला नव्हता. दादा तर समोरचा पक्षकार. मागचं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी पुढे झालो. प्रायश्चित्त म्हणा किंवा आगाऊपणा, माझ्या बाबतीत दोन्ही एकाच दुकानात मिळतात.

वळणापर्यंत झकास गेलो. वळणावर धाकट्याचं टोक समोरच्या भिंतीला टेकलं. तो म्हणाला, "भाऊजी, तुमचं टोक डावीकडे." मी डावीकडे घेतलं. डावीकडे भिंत होती. "उभी करा," कमिशनर म्हणाली. उभी करायला गेलो तर वर शेजाऱ्यांचे पाण्याचे पाइप आडवे गेलेले. मग धाकटा म्हणाला, तिरकी करून आतल्या कोपऱ्याला घासत नेऊ. मी मोठ्या उत्साहाने कोपऱ्यात शिरलो आणि फळी फिरवली. फळी आली आणि माझ्या पोटावर बसली. मागे भिंत, पुढे फळी, मध्ये माझं एकतीस वर्षांचं बैठं काम.

"मागे या," धाकटा म्हणाला.

"येता येत नाही."

"मग पुढे या."

"पुढेही येता येत नाही."

कमिशनरने आधी फोटो काढला. मग दादा बोळात आला. त्याने माझ्या बाजूचं टोक वर उचललं, धाकट्याने आपलं खाली घेतलं. एकमेकांकडे न बघता, काही न बोलता त्या दोघांनी एका दमात मला सोडवलं. लहानपणापासून लाकूड उचलत आलेले हात होते ते, भांडण त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. दादा पाइपांकडे बघत म्हणाला, "बाबा होते तेव्हा हे नव्हते." कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. मी शर्टावरचा चुना झाडत होतो.

कमिशनरचा अहवाल मी नंतर वाचला. तिने लिहिलं होतं की फळी तीन प्रकारे वळवून पाहण्यात आली, परंतु फळी आणि ती धरणारा इसम, दोन्ही वळू शकले नाहीत. वाक्य निर्दोष होतं. मी चार वेळा वाचलं, कुठे एक शब्द बदलता आला नसता.

त्यानंतर दादाची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मॅडमनी त्याला सरळ विचारलं, "सहा वर्षं लाकडं पुढून जात होती. मग शोकेस तिथेच का ठेवलं? डाव्या भिंतीला जागा आहे, नकाशात दिसतेय."

दादा धंद्याबद्दल बोलेल, काचेतून बघणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल बोलेल, असं मी धरून चाललो होतो. त्याने पिंजऱ्याच्या कठड्याच्या लाकडावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "माझी नात दारात खेळत होती. हा लाकूड घेऊन वळला. फळीचं टोक तिच्या कानशिलाजवळून गेलं. एवढ्यावरून." त्याने दोन बोटं दाखवली. "त्याला कळलंही नाही. तो पुढे बघत होता. मी काही बोललो असतो तर त्याला वाटलं असतं, मी त्याच्यावर आळ घेतोय. त्याचा तिच्यावर फार जीव आहे. म्हणून मी शोकेस आणून ठेवलं."

धाकटा समोर बसला होता. त्याने मान वर केली आणि ती तशीच राहिली.

मीही बसलो होतो. मला इतके दिवस वाटत होतं की मी दोघांपैकी एकाचंच ऐकलं, हा माझा गुन्हा. दीड तास अधिक चाळीस मिनिटं मी दादाच्या तोंडासमोर बसलो होतो, नऊ पानं भरली होती, आणि "का" हा एक प्रश्न विचारला नव्हता. म्हणजे एकाचं तरी ऐकलं, हा आळसुद्धा माझ्यावर येत नव्हता.

तीन महिन्यांनी निकाल लागला. चार पानं. वडिलांनी दिलेली वाट चालू राहील, शोकेस तीन फूट डावीकडे सरकवावं. लाकडं सकाळी दुकान उघडण्याआधीच न्यावीत, एका माणसाने पुढे चालावं, आणि लाकूड आत जाईपर्यंत रस्त्याकडच्या दारात कुणी उभं राहू नये. दावा धाकट्याने जिंकला.

त्या रविवारी दादा आमच्याकडे आला. हातात निकालाची नक्कल. मी मनाची तयारी ठेवली होती. तो म्हणणार, तुमच्यामुळे हे झालं, आणि मी म्हणणार, हो.

बसल्यावर तो म्हणाला, "वकील म्हणतोय अपील करता येईल."

"करणार?"

त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला. "शोकेस कालच सरकवलं," तो म्हणाला. "धाकट्यानेच एक बाजू धरली."

बायको पाणी घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"भाऊजी, एक बोलू? राग मानू नका."

"बोला."

"तुमच्या अकरा पानांत माझी स्तुती होती. यात माझं म्हणणं आहे." त्याने कागद माझ्यापुढे सरकवले. "तिसऱ्या पानावर, नातीचं. तेवढं वाचून दाखवा. बारीक अक्षर मला लागत नाही."

अक्षर बारीक नव्हतं. मी तिसरं पान काढलं. मॅडमनी दोन बोटांचं अंतरसुद्धा लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं की प्रतिवादीची भीती खरी आहे आणि तिची दखल घेणं कोर्टाला आवश्यक वाटतं. मात्र भीतीवरचा उपाय वाट बंद करणं हा नव्हे, वाटेवर काळजी घेणं हा आहे. परिच्छेद एवढाच होता. मला घाईत वाचायची सवय, मी तो भरभर संपवला.

"परत वाचा," दादा म्हणाला. "जरा सावकाश."

मी परत पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.